पाव इंच जास्तीची गिटार

घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या गादीच्या खोळीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू खाली आली. रंगाऱ्याला वाटलं, बॅट असेल. हिला वाटलं, पाळण्याची दांडी. मला मात्र हातात घेताक्षणी वजनावरूनच कळलं. इतकी जड गिटार साऱ्या कोल्हापुरात दुसरी नसणार.

खोळ काढली. तांबडं अंग, पिवळी मान. रंग अजून तसाच ठणठणीत. सहांपैकी दोनच तारा शिल्लक होत्या आणि त्याही गंजलेल्या.

"हे तुमचं?" हिनं विचारलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, तरी माझ्याबद्दल तिला ठाऊक नसलेलं असं काही घरात निघेल, ही अपेक्षा तिलाही नव्हती आणि मलाही.

"माझंच."

"मग मला कधी सांगितलं न्हाई ते?"

"तू कधी विचारलंस?"

त्यावर तिनं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी दुसऱ्याच दिवशी फुलेवाडीहून रिक्षा करून गिटार राजारामपुरीत दुरुस्तीला नेली.

दुकान एका मुलीचं होतं. पंचविशीची असेल. टेबलावर दोन-तीन गिटारी पोट फाडून ठेवलेल्या. माझी बघितल्यावर तिनं हातातला सोल्डरिंगचा रॉड खाली ठेवला आणि आधी ती नुसतीच उचलून बघितली.

"अबब! काका, ही कुठल्या कंपनीची?"

"कंपनीची न्हाई. आमच्या घरमालकांनी केलेली."

"मी बघतो जरा उघडून," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली 'बघते' म्हणत नाहीत, 'बघतो' म्हणतात. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. गिटार योग्य हातात पडली होती.

तिनं पट्टी लावली, आकडा कागदावर लिहिला, पुन्हा पट्टी लावली. मग फोनवर काहीतरी हिशेब केला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघितलं.

"काका, तार या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंचवीस इंच पाहिजे. ही पावणेसव्वीस भरते."

"म्हणजे चुकली?"

"तेच तर कळंना. चुकली असती तर बेसूर झाली असती. हिच्या मानेवरची प्रत्येक आडवी पट्टी त्याच हिशेबानं पुढं सरकलीय. अंगही तेवढ्याच हिशेबानं मोठं. एवढं सारखं चुकायला माणूस लई हुशार पाहिजे."

मी दुकानातच मोठ्यानं हसलो. चाळीस वर्षं गिटार माझ्या ताब्यात होती आणि मला हे कधी कळलंच नव्हतं. मिस्त्रींनी गिटारीचीसुद्धा आट धरली होती.

आता तिला जे समजावून सांगितलं, ते इथंही सांगायला हवं. मिस्त्री म्हणजे आमचे घरमालक. उद्यमनगरातल्या ज्या फाउंड्रीत मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, आराखड्यांच्या नकला काढायला लागलो, तिथंच ते पॅटर्नमेकर होते. ओतकामात लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडाची हुबेहूब प्रतिकृती करतात. ती वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात, आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. लोखंड गार होताना आटतं. म्हणून ती आट धरून पॅटर्न थोडा मोठा करायचा असतो, फुटामागं साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दरवेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरकडं एक वेगळीच पट्टी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो.

मिस्त्रींच्या सदऱ्याला दोन खिसे होते. उजव्यात खरी पट्टी, डाव्यात लोखंडाच्या आटीची. चाळीस वर्षं डाव्या खिशातल्या पट्टीनं लाकडावर खुणा केलेल्या. गिटारीची मापं त्यांनी घेतली खऱ्या पट्टीनं. ते माझ्या डोळ्यादेखत झालं. पण घरी येऊन लाकडावर खुणा करायला बसले तेव्हा हात सवयीनं डाव्या खिशात गेला असणार.

ते सवय आहे की स्वभाव आहे, हे मात्र मला नक्की सांगता येणार नाही. कारण हा माणूस सगळ्याच गोष्टींची आट धरायचा. "माणूस बी गार पडला की आटतोय. जरा जादा धरायचा," असं म्हणायचे. चपला घेतल्या तर बोटभर मोठ्या. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. त्या बिचाऱ्या जन्मभर चपलेत कागदाचा बोळा घालून चालल्या. जेवायला तीन माणसं असली की साडेतीन माणसांची भाकरी. वरची अर्धी कुणाची, असं विचारलं तर म्हणायचे, "शिजल्यावर आटती."

"भाकरी कुठं आटतीया?" मावशी म्हणायच्या.

"पोटात."

राधानगरीकडच्या आमच्या गावातून मी कोल्हापुरात आलो, तो पत्र्याची नाही, लाकडी पेटी घेऊन. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागं त्यांचं दुमजली घर होतं आणि वरची खोली भाड्यानं द्यायची होती. मी दारात उभा राहिलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातातली पेटी घेतली, उलटी केली, कोपऱ्याचा सांधा अंगठ्यानं दाबून बघितला. आत माझे कपडे आणि आईनं दिलेली चटणी होती. ती सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली.

"कुणी केली पेटी?"

"आमच्या गावच्या सुतारानं."

"बरा हाय. ये ऱ्हायाला."

एवढीच मुलाखत. त्यानंतर नियम. फाटकाची कडी लावायची, पण आपटायची नाही. नळाखाली कपडे धुताना लाकडी उंबऱ्यावर पाणी उडवायचं नाही. आणि जिन्यावर पाय पायरीच्या मधोमध ठेवायचा नाही. "मधी झिजती. कडंनं चढायचं." जिना अरुंद. दोन्ही पाय दोन कडांना टेकवत आम्ही सगळे बदकासारखे फेंगडे चढायचो. पहिल्यांदा माझा भाऊ गावाकडून मला भेटायला आला, तो मला जिना चढताना बघून घाबरला. "काय झालं रं? मूळव्याध हाय व्हय?"

मिस्त्रींची उंची भरपूर, पण सतत लाकडावर वाकून पाठीला बाक आलेला. कानावर पेन्सिल. आंघोळीला जाताना तेवढी काढायचे. लग्नाला गेले तर नवरा-नवरीला बघायच्या आधी ती ज्या खुर्च्यांवर बसलीत त्या खुर्च्या हलवून बघायचे. एकदा तर वरमाईला उठवून खुर्ची उलटी केली होती म्हणे. हे मी ऐकलेलं. पण पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

शिवाजी पेठेतला माणूस म्हटल्यावर फुटबॉल आलाच. आमच्या संघाची फायनल होती, अख्खी पेठ मैदानावर. मिस्त्रीही आले. मॅच सुरू व्हायच्या आधी सरळ मैदानात शिरले, खिशातनं ओळंबा काढला आणि गोलच्या खांबाला लावला.

"डावीकडचा खांब बोटभर आत कललाय," ते तिथूनच ओरडले.

"मिस्त्री, बाहेर या!" संयोजक हात जोडत होते.

"आरं पर कललाय!"

"असू द्या की!"

लोकांनी शिट्ट्या घातल्या. दोघांनी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. आणि त्या मॅचला आमच्या संघाचा शेवटच्या मिनिटाचा फटका नेमका त्याच खांबाला लागून बाहेर आला. पेठेत सुतक पडलं. कुणाच्या घरी धड जेवण झालं नाही. मिस्त्री मात्र पोटभर जेवले. "सांगितलं हुतं," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली. त्यानंतर वर्षभर पेठेत कुणी नवीन दार बसवलं तरी आधी त्यांना बोलवायचे.

एक गोष्ट विचित्र होती. त्यांच्या पॅटर्नवरून ओतलेला लोखंडी माल तयार झाला, की ते तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पंपाचं कवच असो, इंजिनाचं चाक असो. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, बघा तरी, काय सुंदर उतरलंय."

"ते वतणाऱ्याचं काम. माझं लाकूड."

"पण तुमचं लाकूड कोण बघणार?"

"वाळू बघती की." आणि थोडं थांबून, "तीबी आंधारात."

आता गिटार. पहिल्या पगारात मी एका क्लासला नाव घातलं होतं. बिंदू चौकाजवळच्या एका बोळात एक उस्ताद गिटार शिकवायचे. मूळचे लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले. दात गेले तेव्हा फुंकणं सोडून छेडण्याकडे वळले, असं स्वतःच सांगायचे. शिकायला साध्या पोकळ गिटारी होत्या. पण भिंतीवर उंच एक इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती, मुंबईहून आणलेली. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

एकदा जेवताना मी हे सगळं सांगत होतो. मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. वांग्याचं देठ चोखत होते. मी म्हणालो, "गंमत म्हणजे ती आतनं पोकळच नाही. भरीव लाकूड आहे."

देठ ताटात पडलं.

"भरीव?"

"भरीव."

"आन् वाजती?"

"वाजती म्हणजे? भिंत हादरती."

"खुळा हाईस. भरीव लाकूड वाजत न्हाई. सतार पोकळ, तबला पोकळ, वीणा पोकळ. भरीव लाकूड वाजाय लागलं तर आमच्या स्टोअरमधी रात्रंदिस मैफल झाली आसती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लासला पोचलो तर मिस्त्री माझ्या आधी येऊन सतरंजीवर बसलेले. नाव घातलं होतं! अठ्ठावन्नाव्या वर्षी, फक्त ती गिटार जवळून बघता यावी म्हणून. तीन दिवस ते आम्हा पोरांबरोबर मांडी घालून बसले. समोर साधी गिटार, नजर भिंतीवर. चौथ्या दिवशी उस्तादच वैतागले.

"मिस्त्री, तुम्हाला शिकायचंय काय न्हाई?"

"न्हाई. माप घ्यायचंय."

"हात लावायचा न्हाई."

"मी न्हाई लावत. तुम्ही धरा, मी पट्टी धरतो."

उस्तादांनी गिटार उतरवली. मिस्त्रींनी उजव्या खिशातली पट्टी काढली आणि शब्दाला जागून एकदाही लाकडाला बोट लावलं नाही. पट्टी हवेत धरायची, एक डोळा मिटायचा, आकडा सांगायचा, मी लिहायचा. तासाभरानं उस्तादांनाच चेव आला. "हितलं घेतलं काय? हे राह्यलं बघा, मागचं!" असं करत तेच गिटार फिरवून दाखवायला लागले. त्या दिवशी क्लासमध्ये कुणालाही काही शिकवलं गेलं नाही.

पुढचे चार महिने मावशींच्या शिलाई मशीनला विश्रांती नव्हती. तारेचा आवाज पकडणारी जी गुंडाळी असते, ती मिस्त्रींनी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून केसासारखी बारीक तांब्याची तार आणून मशीनच्या चाकावर गुंडाळली. हजारो वेढे. मावशी पाय मारायच्या, मिस्त्री बोटानं तार सोडायचे, मी वेढे मोजायचो. मोजणी चुकली की पहिल्यापासून. तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "माझ्या लग्नात बी एवढं फेरं मारलं न्हाईत."

आत लोहचुंबक जुन्या लाउडस्पीकरचं. मानेवरच्या पट्ट्या सायकलच्या स्पोकच्या. अंग सागवानाचं, पॅटर्नला आणलेल्या फळ्यांतलं त्यांनी बाजूला काढून ठेवलेलं. रंग मात्र ठरलेला. पॅटर्नच्या ज्या भागाला नंतर हात लावायचा नसतो तो तांबडा, आणि ज्याच्यावर पुढं काम होणार असतं तो पिवळा. म्हणून गिटारीचं अंग तांबडं, मान पिवळी. "तुझा हात हितं फिरणार न्हवं? मग पिवळाच."

पूर्ण झाली त्या दिवशी आम्ही दोघं ती घेऊन उस्तादांकडे गेलो. उस्तादांनी तारा लावल्या, सुरात आणल्या, आवाजाच्या मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडली. एक सूर छेडला आणि मान डोलावली. दुसरा छेडला, आणि गिटार त्यांच्या मांडीवरून घसरली. सावरून घेतली, परत घसरली.

"मिस्त्री, आवाज हाय हिच्यात. पन ही मांडीवर बसंना. सरकतीया नव्या नवरीगत."

"ढाळ दिलाय कडंला," मिस्त्री अभिमानानं म्हणाले. पॅटर्नच्या कडा सरळ उभ्या नसतात. वाळूतून काढताना वाळू ढासळू नये म्हणून त्यांना किंचित उतार असतो. गिटारीच्या चारी बाजूंना तो उतार होता. पुढून रुंद, मागून अरुंद. "वाळूतनं सुटाय पायजे की."

"खरं हाय," उस्ताद म्हणाले. "पन मिस्त्री, हिला वाळूत घालणार कोन?"

 मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली.

"ऱ्हायलं ते," म्हणाले.

खंडेनवमीला फाउंड्रीत यंत्रांची पूजा व्हायची आणि संध्याकाळी कामगारांचा ऑर्केस्ट्रा. त्या वर्षी माझं नाव होतं. गिटार गळ्यात पट्ट्यानं अडकवली होती, म्हणजे सरकायचा प्रश्न नव्हता. उस्तादांचं आवाजाचं मशीन आणलं होतं. समोर चार-पाचशे माणसं, पुढच्या ओळीत मालक, मॅनेजर, त्यांच्या घरची मंडळी. मिस्त्री नवा सदरा घालून तिसऱ्या ओळीत. ते माझ्याकडे बघत नव्हते, गिटारीकडे बघत होते.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी गिटारीचा एकटा तुकडा होता; तबला, ढोलकी सगळं थांबायचं आणि मी वाजवायचो. सगळे थांबले. मी तारेवर बोट ठेवलं. आणि मशीनमधून एक गंभीर, समजूतदार आवाज साऱ्या मांडवात घुमला:

"व्यायलेल्या म्हशीला पहिले तीन दिवस कोमट पाणी पाजावं."

रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता आणि आमच्या गिटारीनं तो पकडला होता. क्षणभर सगळे गार. मी बोट काढलं, तर आवाज आणखी मोठा झाला. "ओल्या चाऱ्याबरोबर थोडी पेंड..." मग जे हसू फुटलं! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मोल्डिंगवाले उभे राहून शिट्ट्या मारत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "पेंड किती घालायची त्ये विचार की रं!" मी दिसेल ती वायर उपटली आणि स्टेजवरून उतरलो.

मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्री, गिटार केलीत का ट्रान्झिस्टर?"

मिस्त्री गर्दीतून माझ्याकडे येत होते. त्यांना गिटार बघायची होती, आवाज कुठून शिरला ते शोधायचं होतं. हसण्याचं त्यांना काहीच नव्हतं. हात पुढे करून म्हणाले, "दे, बगू."

मी बावीस वर्षांचा होतो आणि चारशे माणसं मला हसत होती.

"मिस्त्री," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्ही वाळूत दाबायच्या वस्तू करा. माणसानं हातात धरायच्या वस्तू तुमचं काम न्हाई."

हसणं थांबलं. मिस्त्रींचा पुढं आलेला हात तसाच होता. मग तो खाली गेला.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी मला खोलीतून काढलं नाही, जेवणावरून उठवलं नाही. भाकरी पहिल्यासारखीच जास्तीची होत होती. फक्त मला ओरडणं त्यांनी बंद केलं. मी फाटकाची कडी आपटली, ते काही बोलले नाहीत. उंबऱ्यावर पाणी उडवलं, बोलले नाहीत. एकदा ते खाली बसलेले असताना मी मुद्दाम पायरीच्या बरोब्बर मधोमध पाय आपटत वर गेलो. वर जाऊन थांबलो. वाट बघितली. खालून काही आवाज नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. गिटार खोळीत घातली आणि कॉटखाली सरकवली. क्लासही सोडला.

राजारामपुरीतल्या त्या मुलीनं मागचं झाकण उघडून बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे. "काका, आतून तांब्याचा पत्रा लावलेला नाही. ही गिटार कमी आणि अँटेना जास्त. रेडिओ लागत असणार हिच्यावर."

"लागायचा," मी म्हणालो.

"एवढीशी गोष्ट. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम. मी स्टुलावर बसून राहिलो. तिनं पाणी दिलं.

"मग काय काय बदलू? कडेचा उतार भरून काढू? मांडीवर नीट बसेल."

"नको. पत्रा लाव आणि तारा घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी त्यांच्या आधी गेल्या. घर भाच्यानं विकलं, तिथं आता तीन मजली इमारत आहे. गिटार घरी आली, तेव्हा हिनं ती मांडीवर घेऊन बघितली आणि 'किती जड हो' म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही त्यांची माफी मागितली की न्हाई?"

मागितली. खंडेनवमीला वर्ष होऊन गेल्यावर. थंडीचे दिवस होते. फाउंड्रीत नवे साहेब आले होते आणि नवी पद्धत आली होती. पॅटर्न आता ॲल्युमिनियमचे, बाहेरून करून यायचे. साहेबांना जुने पॅटर्न ठेवलेल्या स्टोअरची जागा रिकामी हवी होती. एका सकाळी मी ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून बघितलं, तर हातगाडीवर तांबडे-पिवळे पॅटर्न रचून कँटीनकडे चाललेले. चुलीला लाकूड म्हणून.

मी धावत खाली गेलो. वाटलं, त्यांना कळायच्या आत गाडी थांबवावी. पण मिस्त्री कँटीनच्या चुलीशी आधीच उभे होते. कँटीनवाला त्यांच्याकडे बघत नव्हता. एकेक पॅटर्न उचलत होता आणि घालत होता.

"एकदम नगं घालू," मिस्त्री त्याला सांगत होते. "सागवान हाय. दमानं जळतंय. आडवं घाल. हां. तो मोठा आधी फोड, तसा न्हाई जायचा आत."

कँटीनवाल्यानं कुऱ्हाड घेतली, पण त्याचा हात चालेना. शेवटी मिस्त्रींनीच त्याच्या हातातून ती घेतली आणि पंपाच्या कवचाचा पॅटर्न बरोबर सांध्यावर दोन घाव घालून उघडला. सांधा कुठं आहे ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

चहा उकळला. ते बाकावर बसले.

"दे एक कप."

प्यायले. "आजूक एक दे." दुसराही प्यायले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगला झालाय. घे की."

 ते बघत होते, म्हणून घेतला.

संध्याकाळी आम्ही एकत्र घरी निघालो. एरवी ते माझ्या चार पावलं पुढं असायचे, त्या दिवशी बरोबरीनं चालत होते. खासबाग मागं पडली तेव्हा मी धीर केला.

"मिस्त्री, त्या खंडेनवमीला मी बोललो ते..."

"बोललास की."

"चुकलं माझं."

"व्हय. चुकलं."

 पाच-पन्नास पावलं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "त्या म्हशीला बी नेमकं तवाच व्यायचं हुतं."

मी हसलो, आणि हसता हसता मला रस्ता दिसेनासा झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घर आलं तसं म्हणाले, "ती हाय का इकलीस?"

"हाय."

"मग आण."

मी खोळ काढली, तारा पुसल्या, सुरात आणल्या. आवाजाचं मशीन उस्तादांचं, ते काही नव्हतं. मशीनशिवाय भरीव गिटारीचा आवाज म्हणजे डास गुणगुणल्यासारखा. मी बाहेरच्या सोप्यात बसलो आणि वाजवायला लागलो. मिस्त्री समोर बसले होते. दोन मिनिटांनी उठले, माझ्या शेजारी येऊन बसले. मग वाकले आणि आपला कान गिटारीच्या लाकडाला टेकवला. पेन्सिल आड आली, ती काढून खाली ठेवली. डोळे मिटले.

आतून मावशी म्हणाल्या, "जेवाय वाढू का?"

मिस्त्रींनी नुसता हात वर केला. थांब.

मला तीनच गाणी येत होती. ती झाली, तरी त्यांनी कान काढला नाही. मग मी पहिल्यापासून सुरुवात केली.